इंजिन ऑइल खरंच संपलंय का? एफटीआयआर आणि थोडं स्टॅटिस्टिक्स वापरून कसं ठरवायचं

डिपस्टिक काढायची, ऑइल दोन बोटांत चोळायचं आणि 'संपलं हे, काढून टाका' असं म्हणायचं. असे मिस्त्री मी लहानपणापासून बघतोय, आणि त्यांचा निकाल बरेचदा बरोबरही निघतो, फक्त कारण चुकीचं असतं. डिझेल इंजिनचं ऑइल काळं पडणारच, काजळी पोटात धरून ठेवणं हे त्यातल्या डिस्पर्संटचं कामच आहे, त्यामुळे रंगावरून आयुष्य ठरवणं म्हणजे चहाच्या रंगावरून साखर ओळखण्यासारखं. आत अँटिऑक्सिडंट किती उरलंय, आम्ल किती झालंय, पाणी शिरलंय का, हे बोटाला कळत नाही. इन्फ्रारेडला बऱ्यापैकी कळतं: एफटीआयआर मशीन ऑइलमधून इन्फ्रारेड प्रकाश सोडून कुठला किती शोषला जातो ते मोजतं, त्याचा आलेख म्हणजे स्पेक्ट्रम. पण त्यातही गोची आहे, मशीनचा आकडा नेहमी कशाच्या तरी तुलनेतला असतो, आणि ती तुलना चुकली की पुढचं सगळं मॉडेलिंग पाण्यात. म्हणून या लेखात अल्गोरिदमपेक्षा बाटली आणि फ्रेश ऑइल यांच्यावर जास्त बोललोय, कंटाळा आला तरी तो भाग सोडू नका.

उदाहरण म्हणून १५डब्ल्यू-४० ऑइलवर चालणारे डिझेल ट्रक धरतो, कारण माझा हात त्यावरच बसलाय. सीएनजी किंवा पेट्रोलवाल्यांनी खिडक्या (स्पेक्ट्रममधले बघायचे पट्टे) त्याच वापरायच्या, फक्त भर बदलायचा, ते पुढे येईल.

सॅम्पल, म्हणजे अर्धं काम इथेच

इंजिन गरम असताना, बंद केल्यावर लगेच काही मिनिटांत सॅम्पल घ्या. रात्रभर उभ्या गाडीत काजळी, पाणी, धातूचे कण खाली बसतात आणि वरचं ऑइल उगाच स्वच्छ दिसतं. डिपस्टिकच्या नळीतून नवीन प्लास्टिक ट्यूब आत सोडून हातपंपाने ओढायचं, ट्यूब चेंबरच्या मधल्या उंचीपर्यंत, तळाला टेकवायची नाही. पंप नसेल आणि नट काढूनच घ्यायचं असेल तर पहिली धार सोडून द्या, मधल्या धारेतलं घ्या. १०० मिलीची बाटली पाऊण भरा, गच्च नको, कारण मशीनला लावायच्या आधी ती चांगली हलवायची असते.

बाटलीवर काय लिहायचं? गाडी नंबर, तारीख, एकूण किलोमीटर, या ऑइलवर झालेले किलोमीटर, ऑइलचा ब्रँड आणि ग्रेड, आणि (हे कोणीच लिहीत नाही) मधे टॉप-अप किती लिटर केलं. टॉप-अप का महत्त्वाचं ते एका सोप्या हिशोबात बघा. चेंबर १५ लिटरचं, ऑइलचं ऑक्सिडेशन (हवेशी भाजून खराब होणं) खरं २० युनिट झालंय, आणि सॅम्पलच्या आधी कोणीतरी ३ लिटर नवीन ऑइल ओतलं. मग आत जुनं १२ लिटर, नवीन ३ लिटर, आणि मशीन दाखवणार २० गुणिले १२ भागिले १५, म्हणजे १६. इंजिन होतं तसंच, पण आकडा २०% नी सुधारला! ऑइल खाणारं इंजिन कागदावर सगळ्यात तंदुरुस्त दिसतं ते यामुळेच.

आणि फ्रेश ऑइल. ज्या बॅरलमधून गाडीत ओतलं त्याच बॅरलमधलं १०० मिली बाजूला काढून, बॅच नंबर लिहून, अंधारात ठेवा. त्याच ब्रँडचं दुकानातून आणलेलं दुसरं बकेट चालत नाही असं नाही, पण कंपन्या नाव तेच ठेवून अ‍ॅडिटिव्ह पॅकेज बदलतात, आणि मग तुम्ही दोन फॉर्म्युल्यांमधला फरक मोजून त्याला 'डिग्रेडेशन' म्हणत बसता.

मशीन लावताना

ऑइलच्या कामाला साधारण दोन प्रकार वापरतात. एक ट्रान्समिशन सेल, झिंक सेलेनाइडच्या दोन काचांमधे ०.१ मिमीची फट. दुसरा एटीआर, म्हणजे क्रिस्टलवर थेंब टाकायचा. एटीआर साफ करायला सोपा, काजळीने काळंकुट्ट झालेल्या ऑइललाही चालतो, पण प्रकाश आत जेमतेम काही मायक्रॉन शिरतो, म्हणून छोट्या पीक (स्पेक्ट्रममधली टोकं) अजून छोट्या होतात. इंजिन ऑइलच्या ठरलेल्या पद्धती ०.१ मिमी सेल गृहीत धरूनच लिहिल्यात (एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेचं ई२४१२ हे मूळ डॉक्युमेंट, त्याच्या खाली ऑक्सिडेशनला डी७४१४, सल्फेशनला डी७४१५, नायट्रेशनला डी७६२४, काजळीला डी७८४४, झेडडीडीपी या झीजरोधक अ‍ॅडिटिव्हला डी७४१२). एटीआरचे आकडे त्या लिमिटशी लावू नका, दोन वेगळ्या फूटपट्ट्या आहेत. घरच्या घरी ट्रेंड बघायचा असेल तर एटीआर बिनधास्त वापरा.

सेलची फट खरंच ०.१ मिमी आहे का ते तपासायची एक छान जुनी युक्ती आहे. रिकाम्या सेलचा स्पेक्ट्रम घेतला की लाटा दिसतात. त्या मोजा, आणि लाटांची संख्या भागिले (२ गुणिले वेव्हनंबरमधलं अंतर) करा. वेव्हनंबर म्हणजे एका सेंटीमीटरमधे प्रकाशाच्या किती लाटा बसतात, पुढचे १७१०, २००० असे जागांचे आकडे सगळे त्यातलेच. १००० वेव्हनंबरमधे २० लाटा आल्या तर २० भागिले २०००, म्हणजे ०.०१ सेंटीमीटर, म्हणजेच ०.१ मिमी. काही कंपन्या या लाटा टाळायलाच काचा किंचित तिरक्या बसवतात, तिथे लाटा दिसणार नाहीत, मग मशीनसोबत आलेल्या चेक फ्लुइडवर जा. रोज सकाळी पॉलिस्टायरीन फिल्म लावून १६०१ ची पीक जागेवर आहे ना एवढं बघायचं.

स्कॅन ४ रिझोल्यूशनला, १६ ते ३२ स्कॅनची सरासरी, बॅकग्राउंड दर वेळी नवीन. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही काम करत असाल तर मशीनमधली सिलिका जेलची पुडी बघत जा, आतला बीमस्प्लिटर बहुतेक वेळा पोटॅशियम ब्रोमाइडचा असतो, तो म्हणजे मीठच, ओल लागली की धुरकट होतो आणि नवीन घ्यायचा तर खिशाला भोक. शिवाय हवेतली वाफ १९०० ते १४०० मधे बारीक बारीक काटे उभे करते, बरोब्बर आपल्या ऑक्सिडेशन आणि नायट्रेशनच्या डोक्यावर.

साफसफाईबद्दल एक अनुभव. आमच्याकडे एकदा सलग चार-पाच सॅम्पलला सल्फेशन जास्त, थोडं पाणी आणि थोडं डिझेल असं सगळंच एकदम दिसायला लागलं, आम्ही गाड्या थांबवायच्या विचारात. शेवटी निघालं काय, तर सेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला होता आणि नीट वाळूच दिला नव्हता. त्या अल्कोहोलच्या पीक ३३४० च्या आसपास, ११३० ला, ९५० ला आणि ८१६ ला असतात, म्हणजे पाणी, सल्फेशन, झेडडीडीपी, डिझेल अशा चारही खिडक्यांत एकेक पाय! तेव्हापासून हेप्टेन, आणि पुढच्याच सॅम्पलचे काही थेंब आतून फिरवून फेकून द्यायचे, मग मोजायचं.

कुठे बघायचं

स्पेक्ट्रम पहिल्यांदा बघणाऱ्याला २९०० जवळचा आणि १४६० जवळचा डोंगर मोठा वाटतो. तो ऑइलचा स्वतःचा हायड्रोकार्बन सांगाडा, ०.१ मिमी सेलमधे तो इतका भरून येतो की डिटेक्टरचं तिथलं बोलणं विश्वासाचं नाही. दुर्लक्ष करा. कामाच्या जागा या:

ऑक्सिडेशन १८०० ते १६७०. ऑइल हवेशी भाजून किटोन, आम्ल वगैरे बनतात, त्या सगळ्यांतला कार्बन-ऑक्सिजन डबल बाँड १७१० च्या आसपास दिसतो. एएसटीएममधे या पट्ट्याचं क्षेत्रफळ मोजतात, जर्मन डीआयएन ५१४५३ मधे १७१० ची उंची मोजून ती एक सेंटीमीटरला काढतात, म्हणजे ०.१ मिमी सेलमधला आकडा गुणिले १००. ०.२ आलं की २०. एका लॅबचा रिपोर्ट डीआयएनचा आणि दुसरीचा एएसटीएमचा, आणि दोन्ही एकाच एक्सेलमधे, हे मी स्वतः पाहिलंय. असं करू नका.

नायट्रेशन १६३० ला, म्हणजे ज्वलनातले नायट्रोजन ऑक्साइड ऑइलशी मिळून बनलेली संयुगं. सीएनजी आणि गॅस इंजिनवाल्यांनी सगळ्यात जास्त लक्ष इथेच ठेवायचं, तिथे काजळी नगण्य असते आणि ऑइल मरतं ते नायट्रेशन-ऑक्सिडेशननेच.

सल्फेशन ११८० ते ११२०, म्हणजे इंधनातल्या गंधकापासून बनलेली सल्फेटसारखी संयुगं. पूर्वी डिझेलमधल्या गंधकामुळे हा आकडा पटापट चढायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, डिझेलमधलं सल्फर बीएस-४ च्या ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं, त्यामुळे जुन्या रिपोर्टमधली सल्फेशनची चढण आजच्या गाडीला लावली तर गाडी उगाच 'उत्तम' वाटेल.

झेडडीडीपी १०२५ ते ९६०. हे झिजेपासून वाचवणारं अ‍ॅडिटिव्ह, हा आकडा वाढत नाही, घटतो, आणि तोही सुरुवातीलाच धाडकन. नवीन माणूस घाबरतो. पण झेडडीडीपी मोडूनच धातूवर संरक्षक थर बनतो, मूळ पीक गेली म्हणजे संरक्षण गेलं असं नाही. झेडडीडीपी घसरलं आणि त्यानंतर ऑक्सिडेशन वेगाने चढायला लागलं, ही जोडी मात्र गंभीर.

काजळी २००० ला, जिथे ऑइलची स्वतःची काही पीक नाही. काजळीचे कण प्रकाश पसरवतात म्हणून अख्खी बेसलाइनच ४००० च्या बाजूला वर उचलली जाते, ती उचल म्हणजेच काजळी. पाणी ३५०० ते ३१५० मधे पसरट फुगवटा. ग्लायकॉल, म्हणजे कूलंट, १०८०, १०४० आणि ८८० च्या आसपास, सोबत पाण्याचा फुगवटाही. इथे शंका आली तर इन्फ्रारेडवर थांबू नका, तापलेल्या तव्यावर थेंब टाकून तडतडतंय का बघा (हॉट प्लेट टेस्ट म्हणजे हेच) आणि सोडियम-पोटॅशियम मोजून घ्या. डिझेल मिसळणं मात्र इन्फ्रारेडला अवघड जातं, कारण डिझेल आणि ऑइल दोघंही हायड्रोकार्बनच, ८१० जवळचा बारीकसा अरोमॅटिक फरक पकडायचा असतो. तिथे व्हिस्कॉसिटी आणि फ्लॅश पॉइंट जास्त खरं बोलतात. आणि लोखंड, तांबं वगैरे झीज इन्फ्रारेडला दिसतच नाही, ते आयसीपीचं (धातू मोजणाऱ्या वेगळ्या मशीनचं) काम.

१७४० चा सापळा

एका ट्रकचं ऑक्सिडेशन महिन्याभरात दुप्पट झालं. गाडी चांगली, चढाचा रूटही नाही. ड्रायव्हर काकांना विचारलं तर म्हणाले, 'साहेब, हायवेवर लेव्हल कमी दिसली, पंपावर जे मिळालं ते टाकलं.' जे मिळालं ते सिंथेटिक होतं, त्यात एस्टर. एस्टरचा डबल बाँड १७४० च्या आसपास दिसतो, म्हणजे थेट ऑक्सिडेशनच्या खिडकीत. काही व्हिस्कॉसिटी इम्प्रूव्हरमधेही एस्टर असतं, बायोडिझेल गळून ऑइलमधे आलं तरी तेच. म्हणून नुसता आकडा बघू नका, पीकचा आकार बघा: ऑक्सिडेशनचा फुगवटा १७१० भोवती रुंद आणि ओबडधोबड असतो, एस्टरची पीक १७४० ला उंच, टोकदार. आणि एस्टर फ्रेश ऑइलमधेच असेल तर फ्रेशचा स्पेक्ट्रम वजा केल्याशिवाय ऑक्सिडेशनचा आकडा लिहूच नका.

आता मॉडेल

खिडक्यांचे आकडे हाताशी आले की अर्ध्याहून जास्त निर्णय तिथेच होतात, खरंच मॉडेल लागत नाही. मॉडेल लागतं ते टीबीएन आणि टॅनसाठी, म्हणजे आम्ल मारायची ताकद किती उरली आणि आम्ल किती झालं. टायट्रेशनला वेळ, केमिकल आणि माणूस लागतो, स्पेक्ट्रम दोन मिनिटांत निघतो, तर स्पेक्ट्रमवरून टीबीएन काढायचं ही कल्पना.

पहिली पायरी, खरे आकडे जमवा. टीबीएन एकाच एएसटीएम टायट्रेशन पद्धतीने मोजलेलं हवं, डी२८९६ तर सगळीकडे डी२८९६, डी४७३९ तर सगळीकडे तेच. वापरलेल्या ऑइलला दोन्ही पद्धती वेगळे आकडे देतात, सहसा डी४७३९ कमी देते, मिसळलं की मॉडेल गोंधळ शिकतं. काही बाटल्या नाव बदलून लॅबला दोनदा पाठवा, त्या दोन निकालांतला फरक लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

किती सॅम्पल? एएसटीएम ई१६५५ चा नियम सोपा आहे: मीन सेंटर केलेल्या (प्रत्येक कॉलममधून त्याची सरासरी वजा केलेल्या) डेटावर मॉडेलमधे जितके फॅक्टर (म्हणजे काय ते चौथ्या पायरीत) त्यात एक मिळवून गुणिले ६, आणि काही झालं तरी २४ च्या खाली नाही. ५ फॅक्टर लागले तर ३६. वर तपासणीला निदान २० वेगळे. आणि ते किलोमीटरवर पसरलेले हवेत, सगळे ऑइल बदलायच्या दिवशीचेच घेतले तर मॉडेलने मधली अवस्था बघितलेलीच नसते.

दुसरी, स्पेक्ट्रम तयार करणं. हायड्रोकार्बनचे भरलेले डोंगर (३००० ते २८००, १४८० ते १३७०) आणि कार्बन डायऑक्साइडचा २३५० चा पट्टा कापून टाका. मग सॅवित्स्की-गोले डेरिव्हेटिव्ह (आलेखाच्या उंचीऐवजी त्याचा उतार घ्यायचा), १९६४ ची पद्धत आहे आणि अजून तोड नाही. पहिल्या डेरिव्हेटिव्हने सरळ उचल जाते, दुसऱ्याने तिरकी बेसलाइनही जाते, पण नॉइज फुगतो, म्हणून खिडकी ९ ते १५ पॉइंटची ठेवून बघा. इथे एक गंमत, काजळी म्हणजेच ती तिरकी बेसलाइन, त्यामुळे डेरिव्हेटिव्ह घेतलं की काजळीची माहिती स्वतःच्या हाताने पुसली जाते. काजळी कच्च्या स्पेक्ट्रमवरूनच काढायची.

तिसरी, मॉडेलच्या आधी पीसीए (शेकडो आकडे दोन-तीन अक्षांवर आणायची पद्धत) करून नुसतं चित्र बघा. ठिपके किलोमीटरप्रमाणे पसरले तर छान. ते ब्रँडप्रमाणे वेगवेगळ्या पुंजक्यांत बसले तर थांबा, एकच मॉडेल सगळ्या ब्रँडला चालणार नाही. टीबीएन इन्फ्रारेडला थेट दिसत नाही, मॉडेल ते डिटर्जंटमधल्या कार्बोनेटवरून, सल्फेशनवरून, असं आडून आडून ओळखतं, आणि हे नातं फॉर्म्युल्यागणिक बदलतं.

चौथी, पीएलएस, म्हणजे पार्शल लीस्ट स्क्वेअर्स. स्पेक्ट्रममधे जवळपास १७०० कॉलम, शेजारचे कॉलम एकमेकांची कार्बन कॉपी, आणि सॅम्पल पन्नास-साठ. साधं रिग्रेशन इथे कोसळतं. पीएलएस त्या गर्दीतून टीबीएनशी जुळणाऱ्या मोजक्या दिशा शोधतं, त्यांना फॅक्टर म्हणायचं. पायथनच्या सायकिट-लर्नमधे तयार आहे. फॅक्टर एकेक वाढवत जा, क्रॉस व्हॅलिडेशनची (काही सॅम्पल बाजूला ठेवून त्यांच्यावर मॉडेलची परीक्षा घेण्याची) चूक जिथे सपाट होते तिथे थांबा, अजून दोन वाढवून आकडा किंचित सुधारला तरी मोह टाळा. न्यूरल नेटवर्कचा मोह तर साठ सॅम्पलवर नकोच.

पाचवी पायरी सगळ्यात जास्त चुकते, आणि मीही चुकलोय. क्रॉस व्हॅलिडेशन करताना सॅम्पल रँडम वाटले की एका ट्रकचे पाच सॅम्पल शिकायला आणि त्याचाच सहावा परीक्षेला असं होतं. मॉडेल ऑइल नाही, ट्रक ओळखायला शिकतं, आर-स्क्वेअर (मॉडेल किती जुळलं त्याचा आकडा) झकास येतो, आणि नवीन ट्रकवर तोंडघशी पडतं. म्हणून वाटणी गाडीप्रमाणे: एक गाडी आली तर अख्खी शिकायला, नाहीतर अख्खी परीक्षेला. सायकिट-लर्नमधे ग्रुप-के-फोल्ड नावाने ही सोय आहे. आकडा खाली येईल, येऊ द्या, तोच खरा.

आणि मॉडेलची चूक कशाशी ताडायची? मघाशी दोनदा पाठवलेल्या बाटल्या आठवा. लॅबच स्वतःशी जितकी चुकते त्याच्या जवळपास मॉडेल पोचलं की झालं. त्याहून फारच कमी चूक दिसली तर आनंद नको, कुठेतरी गळती आहे, डेटाची.

व्हिस्कॉसिटीचं मॉडेलही लोक करतात. मला पटत नाही. काजळीने ती वाढते, डिझेल मिसळून कमी होते, दोन्ही एकदम झालं तर आकडा जागच्या जागी, आणि स्पेक्ट्रमला बिचाऱ्याला काय कळणार. व्हिस्कोमीटर घ्या.

लिमिट की चढ?

ठोकताळे सगळ्यांना माहीत असतात: टीबीएन फ्रेशच्या निम्म्यावर आलं, काजळी ३% च्या पुढे गेली, पाणी ०.२% झालं की विचार करा, ग्लायकॉल अजिबात नको. सुरुवातीला इंजिन कंपनीचं लिमिट आणि हे धरून चला. स्वतःचा डेटा जमला की सरासरी अधिक तीन सिग्मा असं लगेच करू नका, असे आकडे एका बाजूला लांब शेपटी असलेले असतात, सिग्मा फसवतो. पर्सेंटाइल लावा, ९० वर पिवळा, ९७-९८ वर लाल असं काहीतरी (यासाठी डी७७२० नावाचं मार्गदर्शन आहे).

पण माझ्या मते लिमिटपेक्षा चढ महत्त्वाचा. समजा ऑक्सिडेशन १० हजार किलोमीटरला ६, २० हजारला ११, ३० हजारला २१. आधीचे टप्पे ६ आणि ५ चे, शेवटचा एकदम १०. २१ हा आकडा तुमच्या लाल रेषेखाली असेलही, तरी अँटिऑक्सिडंट संपलं हे तो वेग सांगतोय, आणि यापुढे प्रत्येक हजार किलोमीटर महाग. टॉप-अपचा हिशोब लावूनच हा चढ काढायचा, नाहीतर वर सांगितलं तसं ऑइल पिणारी गाडी पास होते. बऱ्याच गाड्या असतील तर मिक्स्ड इफेक्ट मॉडेल वापरा: सगळ्या ताफ्याची एक सरासरी रेषा, आणि प्रत्येक गाडीला त्यापासून थोडं हलायची मुभा. दोनच सॅम्पल असलेल्या गाडीबद्दल मग मॉडेल फार धाडसी बोलत नाही, दहा सॅम्पलवालीबद्दल ठामपणे बोलतं.

रोजच्या वापरात शेवटचा एक चौकीदार ठेवा. नवीन स्पेक्ट्रम आला की टीबीएन वाचायच्या आधी त्याचं क्यू रेसिड्युअल आणि हॉटेलिंग टी-स्क्वेअर बघा. क्यू मोठं म्हणजे या स्पेक्ट्रममधे असं काहीतरी आहे जे मॉडेलने कधी पाहिलंच नाही: परकं ऑइल, कूलंट, न वाळलेला सेल. टी-स्क्वेअर मोठं म्हणजे ओळखीचंच, पण टोकाचं. दोन्हीपैकी एक जरी लाल असेल तर आलेला टीबीएन खोडा, बाटली टायट्रेशनला पाठवा, आणि तो खरा आकडा परत मॉडेलमधे घाला. बॅरलचा बॅच बदलला की पहिली चार-पाच सॅम्पल अशीच दोन्हीकडून मोजायची, फ्रेशची नवीन बाटली बाजूला काढून ठेवायची, आणि जुनी फेकायची नाही, कारण त्या बॅचवर अजून रस्त्यावर गाड्या आहेत.